समुद्राचं पाणी, १.४ गिगाहर्ट्झ आणि माझे न जुळणारे आकडे

उधाण

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय.

एका विद्यापीठात प्रकल्प सहायक आहे. काम सांगायला सोपं आहे: समुद्राच्या पाण्याचा परावैद्युतांक १.४ गिगाहर्ट्झला मोजायचा. (पुढे नुसतं 'एप्सिलॉन' म्हणतो. आमच्याकडे परावैद्युतांक म्हटलं की सगळे मी व्याकरणाचा तास घेतोय असं बघतात.) एप्सिलॉनचे दोन भाग. पहिला सांगतो की विद्युतक्षेत्र लावल्यावर पाण्यात ऊर्जा किती साठते. दुसरा सांगतो की किती ऊर्जा पाण्यातच जिरून जाते. मीठ घातलं की पहिला थोडा उतरतो आणि दुसरा भसकन वाढतो. समुद्राची क्षारता उपग्रहावरून मोजतात ती याच जोरावर. युरोपचा स्मॉस २००९ मध्ये गेला, नासा-अर्जेंटिनाचा अ‍ॅक्वेरियस २०११ मध्ये, मग २०१५ मध्ये स्मॅप. अ‍ॅक्वेरियस २०१५ मध्ये बंद पडला, पण तिघांचेही कान १.४ गिगाहर्ट्झलाच.

माझी साधनं: एक व्हीएनए (मायक्रोवेव्ह लहर पाठवून परत आलेली लहर मोजणारं यंत्र) आणि एक प्रोब. प्रोब म्हणजे जाड कोअ‍ॅक्सिअल केबल आडवी कापून तिचं तोंड घासून सपाट केल्यासारखी वस्तू. तोंड पाण्यात बुडवायचं, परत येणारी लहर मोजायची, सॉफ्टवेअर एप्सिलॉन काढून देतं. आधी हवा, मग शॉर्ट (तोंडाला धातू टेकवून), मग डिस्टिल्ड वॉटर असं कॅलिब्रेशन.

पाणी हर्णैचं. मार्चमध्ये मामाने बोटीवरून, बऱ्यापैकी आत गेल्यावर भरून आणलं. कंडक्टिव्हिटी मीटरवर क्षारता ३५ आली (ढोबळमानाने किलोमागे ३५ ग्रॅम मीठ). तीच बाटली, तोच प्रोब, आणि आकडे असे (आधी पहिला भाग, मग दुसरा):

सोमवार सकाळ: ७०.२ आणि ७२.३
सोमवार दुपार: ६८.६ आणि ७७.८
मंगळवार सकाळ: ६४.९ आणि ६६.५

सरांना दाखवलं तर म्हणाले, "सरासरी काढ." सरासरी काढायला हरकत नाही, पण कशाची काढतोय ते तरी कळू दे. कुणी हे काम केलंय का?

बोंबीलभाऊ

मीटरचं काही कळत नाही, पण हर्णैचं नाव वाचून आत आलो. मामाने पाणी खरंच आत जाऊन भरलं ना? जेटीजवळचं असेल तर त्यात डिझेल, बर्फाचं पाणी आणि सुरमईचं रक्त, तिन्ही मोजलं जाईल.

संकासुर

मला मुळातच प्रश्न आहे. क्षारता मीटरने दोन मिनिटांत कळते. मग एप्सिलॉन मोजायचा द्राविडी प्राणायाम कशाला? आणि उपग्रह जर वरून मोजतोच आहे तर त्याला तुमच्या बाटलीची गरज काय? हे म्हणजे वजनकाटा बाजारात आणून मग वजनं घरी कुटून बनवल्यासारखं झालं.

अँटेना

संकासुरराव, उपमा नकळत बरोबर बसली. वजनं घरीच बनवावी लागतात, कारण उपग्रह मीठ बघतच नाही.

तो काय बघतो ते सांगतो. समुद्र स्वतःहून अगदी मंद मायक्रोवेव्ह लहरी सोडत असतो. किती सोडतो हे तो किती चांगला आरसा आहे त्यावर ठरतं. आरसा जितका चांगला, तितकं स्वतःचं तेज कमी. २० अंश सेल्सिअसचा समुद्र म्हणजे २९३ केल्विन, पण सरळ वरून पाहणाऱ्या रेडिओमीटरला (अशा लहरी मोजणाऱ्या यंत्राला) तो जेमतेम ९२ केल्विनचा भासतो, कारण त्याच तापमानाची काळीकुट्ट वस्तू जितक्या लहरी सोडेल त्याच्या ३१-३२ टक्केच पाणी सोडतं. याला दीप्ती तापमान म्हणतात. मीठ वाढलं की आरसा सुधारतो आणि दीप्ती तापमान उतरतं. किती उतरतं? कोमट पाण्यात क्षारता एकाने वाढली तर अंदाजे अर्धा केल्विन. बस्स.

आता दीप्ती तापमानावरून क्षारतेकडे परत यायचं तर मध्ये एक सूत्र लागतं: अमुक क्षारता, अमुक तापमान, तर एप्सिलॉन किती. ते सूत्र प्रयोगशाळेतून येतं. हिशेब करून बघा. २० अंशाला समुद्राचा एप्सिलॉन साधारण ७१ आणि ६६. हे दोन्ही आकडे एक टक्क्याने चुकीचे धरले तर दीप्ती तापमान ०.४ केल्विनने सरकतं. म्हणजे क्षारतेत पाऊण एककाहून जास्त चूक. अ‍ॅक्वेरियसचं उद्दिष्ट होतं महिन्याच्या सरासरीत ०.२ एकक. म्हणजे प्रयोगशाळेतल्या एका टक्क्यात आख्खी मोहीम चार वेळा बुडते.

आपल्या दोन्ही समुद्रांतला फरक घ्या. उत्तर अरबी समुद्रात ३६ च्या वर, बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकाला पावसाळ्यानंतर ३० च्याही खाली. हा ढोबळ फरक कुठल्याही सूत्राने दिसेल. पण एका वर्षी गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी ओडिशाच्या किनाऱ्याने किती खाली उतरलं, हे बघायचं तर दशांशाला किंमत येते.

उधाण, तुझ्या तीन ओळींपैकी पहिल्या दोन मला अजिबात चुकीच्या वाटत नाहीत. खोलीचं तापमान किती होतं?

उधाण

@अँटेना: सकाळी एसी चालू होता, २५ लावलेला. दुपारी वीज गेली. व्हीएनए यूपीएसवर होता म्हणून मोजत राहिलो. म्हणजे...

अरे देवा.

अँटेना

तेच. समुद्राच्या पाण्याची वाहकता (कंडक्टिव्हिटी) दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. १.४ गिगाहर्ट्झला दुसऱ्या भागातला बहुतेक वाटा वाहकतेचाच. २५ अंशाला ३५ क्षारतेचं पाणी सुमारे ७० आणि ७२ द्यायला हवं, ३० अंशाला साडेअडुसष्ट आणि ७८. तुझे सोमवारचे आकडे बघ. तू एप्सिलॉन नीट मोजलास, फक्त दोन वेगळ्या पाण्यांचा. सरासरी काढली असतीस तर जे पाणी प्रयोगशाळेत कधीच नव्हतं त्याचा आकडा मिळाला असता.

मंगळवारचं कोडं मात्र वेगळं आहे. दोन्ही भाग एकाच प्रमाणात खाली आलेत, सात-आठ टक्के. तापमानाने असं होत नाही. प्रोबच्या तोंडाशी काय होतं?

निवांत

बुडबुडा. मी पैज लावतो.

परदेशात एका मापनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काही वर्षं घालवली आहेत, हे सगळं भोगलेलं आहे. सपाट तोंडाचा प्रोब सरळ खाली बुडवला की तोंडाखाली हवेचा लहानसा थेंब अडकतो. तो दिसत नाही, कारण बघायला आपण वरून बघतो आणि तो असतो खालून. हवेचा एप्सिलॉन १. शेजारी ७० चं पाणी. टिकलीएवढी हवा दोन्ही भाग सारख्या प्रमाणात खाली ओढते. प्रोब तिरका घाल, बुडवल्यावर हलकेच हलव, आणि काचेचा बीकर घेऊन खालून आरसा धर. दाढीचा छोटा आरसा चालतो, मी तोच वापरायचो.

आणखी एक. थंड बाटलीतलं पाणी खोलीत आणून ठेवलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर येऊन प्रोबला चिकटते. सुरुवातीला बुडबुडा नसतो, दहा मिनिटांनी असतो. मंगळवारी बाटली फ्रिजमधून काढली होतीस का?

उधाण

काढली होती. 🙏 वास येऊ नये म्हणून सोमवारी रात्री फ्रिजमध्ये ठेवली होती.

बोंबीलभाऊ

वास? मग जेटीजवळचंच पाणी. मामाला विचारा.

क्लिस्ट्रॉन

आम्ही एम.एस्सी.ला असताना एक्स-बँडच्या (साधारण ९.४ गिगाहर्ट्झच्या) बाकावर हेच करायचो. रिफ्लेक्स क्लिस्ट्रॉन, स्लॉटेड लाइन, व्हीएसडब्ल्यूआर मीटर, शेवटी वेव्हगाइडचा सेल. सेलमध्ये माती भरा, तेल भरा, किमान बिंदू किती सरकला ते मोजा. महाराष्ट्रातल्या कित्येक कॉलेजांत हा बाक अजून आहे. उधाण यांनी तो वापरून पाहावा, व्हीएनएपेक्षा काय होतंय ते हाताला कळतं.

अँटेना

@क्लिस्ट्रॉन: बाकाबद्दल जिव्हाळा मलाही आहे, पण मिठासाठी तो कामाचा नाही. वाहकतेचा वाटा वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. २५ अंशाला १.४ गिगाहर्ट्झवर तो ६७ च्या घरात असतो, तुमच्या ९.४ वर १० च्या आसपास उरतो. आणि तिथे पाण्याचे रेणू वळताना जी ऊर्जा खातात तिचाच वाटा २५-३० असतो. म्हणजे मीठ गर्दीत हरवतं. म्हणूनच १९९९ च्या ओशनसॅट-१ वर आपला एमएसएमआर रेडिओमीटर होता तो समुद्राचं तापमान, वारा, हवेतली वाफ यासाठी होता. त्याची सर्वांत खालची वारंवारता ६.६ गिगाहर्ट्झ. क्षारता त्याच्या आवाक्यात नव्हती.

उलट, वारंवारता आणखी खाली नेली तर मीठ जास्त दिसेल, पण मग अँटेना अवाढव्य लागते. १.४ लासुद्धा स्मॅपने सहा मीटरची जाळी उघडून ती मिनिटाला जवळपास पंधरा वेळा फिरवत ठेवली आहे. स्मॉसने एकच मोठी अँटेना न घेता इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर ६९ छोट्या बसवल्या. आणि १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा हायड्रोजनच्या रेषेमुळे रेडिओ खगोलवाल्यांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे प्रक्षेपण करायला बंदी. म्हणजे असावी. स्मॉस वर गेल्यावर कळलं की जमिनीवरून कितीतरी लोक बिनदिक्कत त्यात बोलतायत.

क्लिस्ट्रॉन

पटलं. बाक पुन्हा झाकून ठेवतो.

जुनी विहीर

मी रसायनशास्त्र शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मायक्रोवेव्हचं मला समजत नाही, पण एका वाक्यापाशी अडले. उधाण, तुझं "क्षारता ३५ आली" हे कुठून आलं? मीटर कशावर लावलास?

आमच्या वेळी क्षारता म्हणजे टायट्रेशन. दहा मिली समुद्राचं पाणी, पोटॅशियम क्रोमेटचे दोन-चार थेंब, आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट. आधी दह्यासारखा पांढरा साका. फिरवत राहायचं. जिथे थेंब पडतो तिथे लाल ठिपका उमटतो आणि फिरवला की जातो. ज्या थेंबाला तो विटकरी रंग जायचं नाव घेत नाही, तिथे तोटी बंद. एक थेंब जास्त झाला की सगळं पुन्हा, आणि सिल्व्हर नायट्रेट तेव्हाही महागच होतं. त्यावरून क्लोरिनिटी (क्लोराइडचं प्रमाण), तिला १.८०६५५ ने गुणलं की क्षारता. जगभर सगळ्यांचं एकच यावं म्हणून काचेच्या नळ्यांत सीलबंद केलेलं प्रमाण पाणी मिळायचं, त्याला आम्ही 'कोपनहेगनचं पाणी' म्हणायचो. मार्टिन क्नुडसेन यांनी १९०० च्या सुमारास ती व्यवस्था लावून दिली.

१९७८ पासून व्याख्याच बदलली. आता क्षारता म्हणजे वाहकतेचं गुणोत्तर: तुझं पाणी भागिले पोटॅशियम क्लोराइडचं ठरावीक द्रावण, एक किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम, १५ अंशाला. दोन्ही सारखी वाहक असली तर क्षारता बरोबर ३५. म्हणून विचारते, तुझ्या मीटरला प्रमाण कोणतं दिलंस?

उधाण

बाई, नमस्कार. विभागात जी बाटली होती तीच. त्यावर १४१३ लिहिलंय. खरं सांगायचं तर मला वाटलं ती आमच्या प्रकल्पासाठीच मागवली असेल, कारण आमची वारंवारता १४१३ मेगाहर्ट्झ.

जुनी विहीर

अरे बाळा. ते १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. पोटॅशियम क्लोराइडचं ०.०१ मोलर द्रावण, २५ अंशाला. विहिरीचं, नळाचं पाणी तपासायला तेच वापरतात. तुझा समुद्र २५ अंशाला ५३,००० च्या आसपास. किराणाच्या तराजूवर मीटर लावून ट्रक तोलल्यासारखं झालं. मीटर काहीतरी दाखवेल, पण त्या ३५ वर मी सही करणार नाही.

संकासुर

हा योगायोग मात्र झकास आहे. १४१३ ने १४१३ ला फसवलं.

आगरातला

आमचं मिठागर होतं, उरणच्या बाजूला. आजोबा बोमे लावायचे. पाणी किती दाट ते दाखवणारी काचेची नळी, खाली शिसं, वर रेघा. समुद्राचं पाणी आत घेतलं की तीन-साडेतीन बोमे. मग एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत, ऊन खात खात. २५ च्या पुढे गेलं की मीठ धरायला लागतं. आजोबा रात्री नळी बघायचेच नाहीत, बोट बुडवून दोन बोटं एकमेकांवर घासायचे आणि सांगायचे, "उद्या पडेल." तुमच्या पॉइंट दोनपर्यंत ते नसते पोचले, पण एक गोष्ट ते रोज सांगायचे: सकाळची नळी आणि दुपारची नळी यांची तुलना करायची नाही, दुपारी पाणी पातळ होतं. धागा वाचताना तेच आठवलं.

अँटेना

@आगरातला: या एका प्रतिसादासाठी धागा वर आणतो आहे. आजोबांना दंडवत.

निवांत

उधाण, आता मोठं बोलतो. प्रोबने तू कितीही काळजी घेतलीस तरी दोन-चार टक्क्यांच्या आत जाणं कठीण. अँटेनाने वर दाखवलंच की एक टक्काही परवडत नाही. ज्यांनी हे काम शेवटपर्यंत नेलं त्यांनी प्रोब सोडून कॅव्हिटी घेतली.

कॅव्हिटी म्हणजे धातूचा गोल बंद डबा. ठरावीक वारंवारतेला तो घंटेसारखा वाजतो. १४१३ मेगाहर्ट्झसाठी आतली त्रिज्या साधारण ८.१ सेंटिमीटर येते, म्हणजे घरातल्या मसाल्याच्या डब्याएवढाच. विद्युतक्षेत्र मधोमध सर्वांत जोरात असतं. तिथून केसासारखी काचेची नळी उभी घालायची. आधी नळी रिकामी, मग समुद्राच्या पाण्याने भरलेली. घंटेचा स्वर किती उतरला त्यावरून पहिला भाग, आणि नाद किती लवकर विरतो त्यावरून दुसरा. नळी इतकी बारीक का? जाड नळीभर समुद्राचं पाणी घातलं तर ते इतकी ऊर्जा पितं की घंटा वाजतच नाही, ठक्क आवाज येतो.

आता आकडे करून बघ. समज नळीची आतली त्रिज्या ०.१ मिलीमीटर. ७० चं पाणी भरलं तर स्वर उतरतो सुमारे २७० किलोहर्ट्झ. डबा पितळेचा असेल तर एक अंशाने तापला की प्रसरणामुळे त्याचा स्वर आपोआप उतरतो सुमारे २७ किलोहर्ट्झ. म्हणजे पाण्याने काही न करता एका अंशात दहा टक्के चूक. म्हणून आख्खा डबा तापमान राखलेल्या द्रवात बुडवून ठेवतात आणि रिकामी-भरलेली ही दोन्ही मोजमापं एकाच तापमानाला घेतात. दुसरं, उत्तर नळीच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून. त्रिज्या एक टक्का चुकली की एप्सिलॉन दोन टक्के. ०.१ मिलीमीटरचा एक टक्का म्हणजे एक मायक्रॉन. तो मोजत बसण्यापेक्षा ज्याचा एप्सिलॉन पक्का माहीत आहे असा द्रव त्याच नळीत भरायचा आणि नळीलाच बोलू द्यायचं.

जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात रॉजर लँग यांच्या गटाने नासाच्या डेव्हिड ले व्हाइन यांच्याबरोबर हे वर्षानुवर्षं केलं. १.४१३ गिगाहर्ट्झ, ० ते ३५ अंश, क्षारता ३० ते ३८. निष्कर्ष २०१६ मध्ये 'रेडिओ सायन्स'मध्ये आले. त्याआधी जग ज्यावर चाललं होतं ते क्लाइन आणि स्विफ्ट यांचं १९७७ चं सूत्र, आणि त्याच्या मुळाशी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची मोजमापं. स्मॉसने सुरुवातीला तेच सूत्र वापरलं. म्हणजे २००९ चा उपग्रह आणि त्याच्या पोटात बत्तीस वर्षं जुना आकडा.

अवांतर: आमच्याकडे एकदा कुणीतरी कॅव्हिटी पुसायला उघडली आणि झाकणाचे स्क्रू परत आवळले. दुसऱ्या दिवसापासून सगळे आकडे तिरके. तीन आठवडे आम्ही पाण्याला दोष देत होतो. शेवटी टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच स्क्रू आवळणारा पाना) आणला आणि झाकणावर मार्करने लिहिलं, 'हात लावाल तर जेवण तुमच्याकडून'.

संकासुर

सगळं वाचलं, पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. समुद्रात आर्गोचे हजारो तरंगते यंत्रमानव सोडलेले आहेत. आपलं हैदराबादचं इन्कॉइससुद्धा (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) सोडतं. ते क्षारता मोजून उपग्रहामार्फत कळवतात. मग उपग्रहाचं दीप्ती तापमान आणि आर्गोची क्षारता समोरासमोर ठेवा, सूत्र त्यातूनच काढा. डबा, नळी, मार्कर, काहीच नको.

आणि हे करत नाहीत असं मला सांगू नका. करतच असणार. मग आर्गोला धरून उपग्रह लावायचा आणि मग म्हणायचं, बघा, उपग्रह आर्गोशी जुळतो! याला आमच्याकडे आपलीच पाठ आपणच थोपटणं म्हणतात.

अँटेना

करतात. लपवण्यासारखं त्यात काही नाही. २०२१ मध्ये फ्रान्सच्या बुतँ आणि व्हर्जली यांनी सहकाऱ्यांसह स्मॉसच्याच नोंदींवरून एप्सिलॉनचं नवं सूत्र बसवलं. तुमचा आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा महत्त्वाचा आहे.

उरलेला अर्धा असा. उपग्रहाला जे तेज दिसतं त्यात एप्सिलॉन एकटा नसतो. वाऱ्याने खडबडीत झालेला पृष्ठभाग असतो, फेस असतो, पाण्यात पडलेलं आकाशगंगेचं प्रतिबिंब असतं, अँटेनाच्या स्वतःच्या खोडी असतात. सूत्र थेट समुद्रावर बसवलं की यातला कोणता दोष एप्सिलॉनच्या खात्यावर जमा झाला ते कळत नाही. जोरदार वारे बहुतेक थंड समुद्रांवर. मग वाऱ्याची चूक थंड पाण्याच्या एप्सिलॉनमध्ये मुरते आणि कायमची तिथेच राहते.

त्यात थंड पाणी आधीच अवघड. विषुववृत्ताजवळ ३० अंशाला क्षारतेच्या एका एककाला साधारण ०.७ केल्विन मिळतो, शून्य अंशाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. आर्क्टिकमध्ये बर्फ वितळून किती गोडं पाणी येतंय हे जिथे बघायचंय, नेमकं तिथे हाताला कमी लागतं. प्रयोगशाळेत वारा नाही, फेस नाही, आकाशगंगा नाही. तापमान बदला, बाकी सगळं तिथेच. समुद्रात ही चैन नाही.

आणि आर्गोबद्दल: बहुतेक आर्गो वर येताना पृष्ठभागाच्या सुमारे पाच मीटर खालीच मोजणं थांबवतात. १.४ गिगाहर्ट्झ बघतं वरचा सेंटिमीटरभर. पाऊस पडून गेल्यावर वर गोड्या पाण्याची साय असते. उपग्रहाला साय दिसते, आर्गोला खालचं दूध. दोघे जुळले नाहीत तर चूक कुणाची?

संकासुर

साय-दूध पटलं. 'आपलीच पाठ' मागे घेत नाही, पण अर्धी थोपटतो.

जुनी विहीर

अँटेना, "पक्का माहीत असलेला द्रव" हे निवांत यांनी सहज लिहिलं. तो द्रवही कुणीतरी कधीतरी मोजलाच असेल ना? आमच्या सिल्व्हर नायट्रेटचंही हेच होतं. ते कशावर प्रमाणित केलं, ते कशावर, असं विचारत मागे गेलं की शेवटी तराजू आणि पोटॅशियम क्लोराइडची पुडी उरायची. तुमच्यात शेवटी काय उरतं?

निवांत

बाई, आमच्यात शेवटी शुद्ध पाणी उरतं. २५ अंशाला, कमी वारंवारतेला ७८.४. ते पुष्कळ लोकांनी पुष्कळ पद्धतींनी मोजलंय आणि सगळ्यांचं जुळलंय. तेवढाच आधार. उधाणच्या कॅलिब्रेशनमध्ये डिस्टिल्ड वॉटर आहे ते त्यासाठीच. पण ते कोणत्या तापमानाला होतं हे त्याने अजून सांगितलेलं नाही. २० अंशाला शुद्ध पाणी ८०.१ देतं आणि सॉफ्टवेअरला २५ टाइप केलं की पुढचं सगळं दोन टक्के वाकडं.

उधाण

सॉफ्टवेअरमध्ये २५ होतं. डिस्टिल्ड वॉटर कॅनमध्ये होतं, एसीच्या खाली. हात लावला तर गार होतं. किती ते मोजलं नव्हतं.

आठवडाभराने लिहितो.

उधाण

(आठ दिवसांनी)

वॉटर बाथ मिळाला. शेजारच्या जीवशास्त्र विभागाचा, शुक्रवारी परत द्यायच्या बोलीवर. डिस्टिल्ड वॉटर आणि समुद्राचं पाणी दोन्ही २५.० ला तासभर ठेवलं. थर्मामीटर बीकरमध्येच, प्रोबच्या शेजारी. दाढीचा आरसा आणला. पहिल्याच वेळी आरशात बुडबुडा दिसला, मोहरीएवढा, प्रोबच्या मधल्या तारेला अगदी चिकटून. इतके दिवस मी त्याचाच एप्सिलॉन मोजत होतो. प्रोब तिरका करून बुडवला, हलवला, पुन्हा आरसा.

पाच वेळा मोजलं. पहिला भाग ६९.७ ते ७०.३. दुसरा ७१.१ ते ७१.९. सर म्हणाले, "आता सरासरी काढ."

मीटरसाठी बाईंनी सांगितल्याप्रमाणे जास्त वाहकतेचं प्रमाण द्रावण मागवलं, आणि आधीच्या ३५ ऐवजी ३४.६ आलं. दुसरा भाग थोडा खाली का होता ते त्यात बसतं. १४१३ ची बाटली मागच्या कपाटात ठेवली, वर चिठ्ठी लावली: 'समुद्रासाठी नाही'.

कॅव्हिटीचं चित्र घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो होतो. मिस्त्रींनी पितळेचा गठ्ठा दाखवला, हातात धरवत नव्हता. आतला व्यास १६२.५ मिलीमीटर म्हटल्यावर विचारलं, "कमी-जास्त किती चालेल?" मी म्हटलं, मिलीमीटरचा शंभरावा भाग. "हवं कशाला एवढं?" म्हटलं, समुद्राचं मीठ मोजायला. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पावशेर मिठाला वीस किलो पितळ!" पण करतो म्हणालेत, गणपतीनंतर.

निवांत

झाकणाला आठ स्क्रू ठेवायला सांग, चार नको. आणि मार्कर आत्ताच घेऊन ठेव.

बोंबीलभाऊ

मामाचं काय ठरलं? जेटीजवळचं होतं की आतलं?

उधाण

आतलं होतं, पण बाटली आधी कोकमाच्या सरबताची होती असं मामी म्हणाली. 😐

आता पुढचं पाणी लागेल ते पावसाळ्यातलं. मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत आहे ना? बोटी सुटल्या की दोन ठिकाणचं हवंय: एक बाणकोटला सावित्रीच्या मुखाजवळ, एक तिथून सरळ बाहेर, जितकं लांब जमेल तितकं. तुमच्या ओळखीचं कुणी जाणार आहे का?

बोंबीलभाऊ

नारळी पौर्णिमा होऊ दे, आमचीच बोट जाणार आहे. दोन नव्या बाटल्या आणि चिठ्ठ्या पाठवा, कुठे भरलं, किती वाजता ते लिहून आणतो. अजून काही पाळायचं?

उधाण

बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्या. मग पाण्याखालीच धरून गळ्यापर्यंत काठोकाठ भरा आणि झाकण पाण्यातच लावा. आत हवा राहू देऊ नका.